पीएच सर

आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत डबा उघडायला जरा धाडस लागतं. मागे एकदा भूगोलाच्या मॅडमनी ढोकळा आणला होता. झाकण निघतं न निघतं तोच पलीकडच्या टेबलावरून मान लांब झाली. "मॅडम, ढोकळा घरचा का?" मॅडम खुशीत म्हणाल्या, "हो, घ्या ना सर." सरांनी तुकडा उचलला, पण तोंडात टाकला नाही. खिडकीशी जाऊन उजेडात धरला. "हे लाल ठिपके बघितलेत? सोडा नीट मिसळला नाही तुमचा. जिथं गुठळी राहिली तिथं आम्लारी जास्त झाली आणि हळद लाल पडली. वा! फारच छान!" या 'फारच छान'मध्ये मॅडम क्षणभर फसल्या. मग सर म्हणाले, "असे ठिपक्यांचे तुकडे वेगळे काढून द्या, नववी ब ला दाखवतो." डबा वर्गात गेला आणि तासाभरानं रिकामा परत आला. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष, मुलांनी सगळंच खाऊन टाकलं होतं. तेव्हापासून मॅडम ढोकळा आणतात तो सर रजेवर असले तरच.

सर आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतात. वेळापत्रकात तसंच लिहिलंय. प्रत्यक्षात भौतिकशास्त्राचे धडे ते कर्तव्य म्हणून उरकतात आणि जीवशास्त्राचे धडे रसायनाकडे वळवून घेतात. पचनसंस्था सुरू झाली की अन्न तोंडातून घाईघाईनं खाली उतरतं, जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल भेटतं आणि पुढचे दोन तास तिथंच मुक्काम पडतो. आतड्यापर्यंत कोणी पोचल्याचं ऐकिवात नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे आमचं. पण असा एखादा मास्तर महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात सापडेल, पैज लावायला तयार आहे मी. ओळखायच्या खुणा ठरलेल्या. शर्टाच्या खिशावर न जाणारा पिवळा डाग, पिशवीत औषधाच्या रिकाम्या बाटल्या, आणि लग्नकार्यात यजमानांपेक्षा आचाऱ्याशी ओळख जास्त. हळदीच्या कार्यक्रमात सगळे नवरदेवाला हळद लावत असतात तेव्हा हा गृहस्थ हातात ओल्या साबणाची वडी घेऊन कोपऱ्यात उभा असतो. "एक मिनिट हं, फक्त कोपराला लावतो," म्हणतो. नवरदेवाचं कोपर लाल होतं, करवल्या किंचाळतात, आणि याचं समाधान होतं. वर तो वधूच्या आत्याला सांगतो की कुंकू तरी दुसरं काय असतं, हळदीला चुन्याची सोबत मिळाली की झालं कुंकू. आत्याबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतःच्या करंड्याकडे संशयानं बघितलं.

मुलांनी सरांचं नाव 'पीएच' ठेवलंय. कारण उघड आहे. समोर काहीही आलं की सर पहिल्यांदा हेच विचारतात, "याचा पीएच किती असेल रे?" ताक असो, पावसाचं पाणी असो, नाहीतर शाळेच्या नळाचं. मग मुलांनी ते मोजमाप सरांनाच लावलं. तासाला येताना सरांचा चेहरा बघून पहिल्या बाकावरून मागे निरोप जातो, "आज तीन आहे रे, वह्या काढा." मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका कायम सात. ना इकडे, ना तिकडे. एकदा अर्ध्या वर्गानं प्रयोगवही आणली नव्हती. त्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात कोणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलं, 'आज उणे एक'. सरांनी ते वाचलं. वर्ग गप्प. सर म्हणाले, "संहत आम्लाचा पीएच उणे जाऊ शकतो. हे पुस्तकात नाही. कोणी लिहिलंय ते हुशार आहे." लिहिणाऱ्याला उभं राहायचा मोह आवरेना, उभा राहिला, आणि प्रयोगवही आणली नाही म्हणून मार खाऊन बसला.

शाळेला प्रयोगशाळा नाही असं नाही. आहे, आणि तिला कुलूप आहे. किल्ली शिपाईमामांकडे, मामा बँकेत. आत काचेच्या नळ्या, चंचुपात्रं, शंकुपात्रं सगळं आहे, पण ते डेड स्टॉक रजिस्टरला चढलेलं आहे. एक नळी फुटली तर पंचनामा, सही, वसुली. त्यामुळे काही न फुटण्याचा एकच खात्रीचा उपाय शाळेनं शोधलाय, काही न उघडणं. बाटल्यांवरची लेबलं झुरळांनी खाल्लीत. एका बाटलीवर फक्त 'ट' उरलाय. आता ते सल्फेट, नायट्रेट की कार्बोनेट हे ओळखणं हाच एक प्रयोग होऊन बसलाय आणि सर तो दरवर्षी दहावीला घालतात. एरवी त्यांनी प्रयोगशाळेचा नाद सोडून सगळा कारभार गावातल्या स्वयंपाकघरांत हलवलाय. लिटमसचा कागद संपला तर आवारातली जास्वंद आहे. पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करायच्या, लिंबू पिळलं की गुलाबी, साबणाचं पाणी घातलं की हिरवट. यापायी शिपाईमामांच्या गणपतीला जास्वंदीचं फूल मिळेनासं झालंय आणि किल्ली आणखी उशिरा सापडायला लागलीय. या दोन गोष्टींचा संबंध सर सोडून सगळ्या शाळेला माहीत आहे.

चुन्याचं प्रकरण मात्र जरा गंभीर झालं होतं.

कार्बन डायऑक्साइड ओळखायला चुन्याची निवळी लागते. चुना पाण्यात ढवळायचा, रात्रभर ठेवायचा, वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. मुलांना नळीनं त्यात फुंकर मारायला लावायची, पाणी दुधाळ होतं. बहुतेक मास्तर इथंच थांबतात. आमचे सर म्हणतात, "फुंका, अजून फुंका." चाळीस पोरं गाल फुगवून फुंकत बसतात, आणि ज्याच्या छातीत दम असतो त्याचं पाणी पुन्हा नितळ होतं. आधी कॅल्शियम कार्बोनेटचा साका, मग त्याचंच विरघळणारं बायकार्बोनेट. हे दुसरं वळण बघायला मिळावं म्हणून सर दर वर्गाला, दर तुकडीला निवळी करतात. चुना आणतात बसस्टँडजवळच्या पानपट्टीवरून, आणि तोही जाता-येता रोज, कारण उघडा ठेवला की हवेतलाच कार्बन डायऑक्साइड खाऊन तो बिघडतो. पानपट्टीवाल्याला एवढं रसायन कुठलं माहीत. त्याला दिसत होतं ते एवढंच, की हायस्कूलचे सर रोज चुना नेतात आणि तंबाखू मात्र नेत नाहीत. म्हणजे तंबाखू दुसरीकडून नेत असणार. लपवतात बिचारे.

गावात ही बातमी आठ दिवसांत मुरली. सरांचे मेहुणे मिरजेहून खास समजूत घालायला आले. जेवणं झाल्यावर त्यांनी हळूच विषय काढला, "दाजी, सवय वाईट असती. एकदम न्हाई सुटत, पर कमी करा." सरांना वाटलं, हे चहाबद्दल बोलतायत. "अहो, दिवसातून चार वेळा तर होतो फक्त." मेहुण्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी सरांच्या बायकोनंच उलगडा केला. त्या म्हणाल्या, "तंबाखू खाल्ली असती तर बरं झालं असतं, निदान थुंकून तरी मोकळे झाले असते. हे मला रात्री उठवून निवळी नितळ झाली का बघायला लावतात." मुलांना चुना लावणारे मास्तर पुष्कळ बघितलेत मी, पदरचे पैसे घालून तो विकत आणणारे हे पहिलेच.

सरांचं एक दैवत आहे, मायकेल फॅरडे. १८६०च्या नाताळात या फॅरडेनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे सहा व्याख्यानं दिली, आणि सहाच्या सहा एका मेणबत्तीवर. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस, आणि साध्या मेणबत्तीतून हवा, पाणी, श्वासोच्छ्वास सगळं काढून दाखवलं, हे सांगताना सरांचा आवाज बदलतो. आपल्याला त्याचं काही नाही. पण मोठ्या बाईंचा वाढदिवस होता, केक आणला होता, वर एकच मेणबत्ती होती, आणि ती पेटवायला काडी चुकून सरांच्या हातात गेली.

"मेण जळत नाही बरं का," सर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठ्या बाईंनी फुंकर मारली, टाळ्या वाजल्या. "थांबा!" विझलेल्या वातीतून पांढरा धूर वर चढत होता. सरांनी पेटती काडी वातीला न लावता वरच्या वर त्या धुरात धरली, आणि ज्योत टुणकन उडी मारून खाली वातीवर येऊन बसली. "बघितलंत? तो धूर म्हणजे मेणाची वाफ. जळते ती वाफ." खरंच सुंदर दिसलं ते. इंग्रजीचे सर म्हणाले, "अरे वा, परत करा." हे म्हणायला नको होतं. पुढे बाईंनी जितक्या वेळा फुंकर मारली तितक्या वेळा सरांनी मेणबत्ती पुन्हा पेटवली, दर वेळी थोडी जास्त उंचीवरून. बाईंच्या हातात सुरी तशीच. घंटा झाली, सगळे तासाला गेले. केक चौथ्या तासानंतर कापला गेला, मेणाचे थेंब काढून.

नववीला 'मोल' नावाचं एक संकट असतं. मी स्वतः मराठीची असूनही एवढं सांगू शकते की नववीतली निम्मी मुलं विज्ञानावरून उठतात ती इथं. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, एवढे कण म्हणजे एक मोल. एवढी संख्या ऐकली की पोरं वही मिटतात. सरांनी व्याख्या सांगितलीच नाही. गृहपाठ दिला, "उद्या प्रत्येकानं घरून एक मोल काहीतरी घेऊन यायचं." पाणी १८ ग्रॅम, मीठ ५८.५ ग्रॅम, साखर ३४२ ग्रॅम. एक पोरगं किराणा दुकानात जाऊन म्हणालं, "काका, साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ द्या." दुकानदार म्हणाला, "साठ घे की. अर्धा ग्रॅम काय सोन्याचा हाय?" पोरगं म्हणालं, "न्हाई, क्लोरीनचा हाय." या एका उत्तरावर सर महिनाभर जगले.

साखर आणणारे फार निघाले नाहीत. पाणी आणणारे रग्गड, कारण एक घोट पाण्यात काम भागतं. मागच्या बाकावरचा एक महाभाग रिकामी बाटली घेऊन आला. "सर, एक मोल हवा." वर्ग हसला. सर हसले नाहीत. "शून्य अंशाला बावीस पूर्णांक चार लिटर लागते. तुझी बाटली लिटरची. आणि आपल्याकडे उकाडा आहे, म्हणजे आणखी थोडी जास्त." दुसऱ्या दिवशी तो भंगारवाल्याकडून पोत्यात भरून लिटरच्या पंचवीस रिकाम्या बाटल्या घेऊन आला, बुचं घट्ट लावलेल्या. पाण्याचा मोल पेल्याच्या तळाशी आणि हवेचा मोल पोतंभर, दोन्हीत कण तेवढेच. त्या पोत्यानं जे समजावलं ते पुस्तकाच्या चार पानांना जमलं नव्हतं, हे मला कबूल करावं लागेल. पोतं अजून स्टाफरूमच्या दाराशी आहे. सर ते टाकू देत नाहीत, 'शैक्षणिक साधन' म्हणतात.

दहावीची गोष्ट आणखी वेगळी. तपासणीचे साहेब आले त्या दिवशी मोठ्या बाई त्यांना अभिमानानं एकेक वर्ग दाखवत चालल्या होत्या. दहावी अ चं दार उघडलं तर बाकं जोडून पोरं पत्ते खेळत होती. खुद्द सर एका डावात. लग्नपत्रिका कापून केलेले ६३ पत्ते, प्रत्येकावर एकेक मूलद्रव्य, कारण मेंडेलीव्हनं १८६९ साली आवर्तसारणी मांडली तेव्हा तेवढीच ठाऊक होती, आणि तोही म्हणे पत्त्यांवर नावं लिहून ती लावत बसायचा. खेळ रमीचा. एकसारख्या गुणधर्मांची तीन लागली की सेट. एका मुलीनं लिथियम, सोडियम, पोटॅशियम टाकले आणि ओरडली, "डोबेरायनर! सात आन एकोणचाळीस, निम्मं तेवीस!" साहेबांनी विचारलं, "हे काय चाललंय?" सर उभे राहून खुलासा करणार तोच पलीकडच्या बाकावरून रडवेला आवाज आला, "सर, ह्यानं गॅलियम लपवलंय!"

लपवलं नव्हतं. सरांनीच ते पानांत घातलं नव्हतं. रांगा लावताना एक घर रिकामं राहतं, त्या जागी जे असेल त्याचं अणुवस्तुमान किती, ऑक्साइड कसलं, हे शेजारच्यांवरून ओळखायचं. मेंडेलीव्हनं असंच ओळखलं होतं आणि १८७५ साली फ्रान्समध्ये ते सापडलं. साहेबांना ही हकिकत पटली की नाही कळलं नाही. ते बाकावर टेकले, चष्मा लावला, आणि "माझ्या वेळी हे असं नव्हतं," एवढं म्हणून त्यांनी एक पत्ता उचलला. शेऱ्यात मात्र लिहिलं, 'वर्गात पत्ते आढळले'.

पण या सगळ्यावर ताण म्हणजे कल्हई.

तांब्याच्या पातेल्यात ताक का ठेवू नये यावरून वर्गात वाद पेटला होता, आणि कल्हई म्हणजे काय हे दहावीतल्या एकाही मुलानं बघितलं नव्हतं. स्टील आणि नॉनस्टिकच्या घरातली पोरं. सरांनी शुक्रवारच्या बाजारात कल्हईवाल्या चाचांना गाठलं आणि सोमवारी शाळेत बोलावलं. मुलांना सांगितलं, "घरी तांब्या-पितळेचं असेल ते एखादं भांडं आणा." आता 'एखादं' म्हणजे किती, हे आयांनी आपापल्या परीनं ठरवलं. सोमवारी सकाळी चिंचेखाली परात, पातेली, बंब, मोदकपात्र, आणि कोणाच्या तरी पणजीच्या लग्नातला हंडा असा ढीग लागला. चाचा ढिगाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "सर, ह्यो प्रयोग हाय का रुखवत?"

खड्डा खणला, कोळसा पेटला, हातानं फिरवायचा पंखा एका पोरानं ताब्यात घेतला. चाचांनी पातेलं पकडीत धरून तापवलं, चिमूटभर पांढरी पूड आत टाकली. सर सरसावले. "बघा, आता अमोनियम क्लोराइड घातलं."

"नवसागर हाय त्यो," चाचा म्हणाले.

"तेच ते."

"तेच असंल. पर तुमच्या नावानं मागितलं तर दुकानदार देत न्हाई."

भसकन पांढरा धूर उठला. चाचांनी कथलाची कांडी आत टेकवली, ती पाणी होऊन लोळली, आणि कापसाचा बोळा एकदाच गरगर फिरवला तसं काळं-लाल पातेलं आतून चंदेरी झालं. पोरांच्या तोंडून आवाज निघाला तो मी तिसऱ्या वर्गात 'कणा' कवितेवर बोलत असताना ऐकला आणि माझा वर्ग खिडकीला चिकटला. मीही गेले. एका मुलीनं चाचांना विचारलं, "कथील किती अंशाला वितळतं?" चाचा म्हणाले, "अंश न्हाई ठाऊक. कांडी टेकवली की कळतंय." सर म्हणाले, "२३२." चाचा म्हणाले, "असंल." मग सरांनी धुराचं सांगितलं. नवसागर तापला की त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दुसरा भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन ते स्वच्छ करतो, म्हणून कथील चिकटतं. जे वायू वर निसटतात ते थंड हवेत पुन्हा एकमेकांना भेटतात आणि पुन्हा नवसागर होतो. हा धूर म्हणजे नवसागरच.

पंखा फिरवणारं पोरगं थांबलं. "मग धूर धरून ठिवला तर परत वापरता यील की."

चाचांनी त्या दिवशी पहिल्यांदा भांड्यावरून नजर काढून कोणाकडे तरी बघितलं. "सर, ह्याला माझ्याकडं धाडा."

हवा मोठ्या बाईंच्या ऑफिसकडे वळली होती. बाई नाकाला पदर लावून, खोकत, रागवायच्या तयारीनं आल्या. चकचकीत परात त्यांनी हातात घेतली, उलटसुलट बघितली, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचं एक घंगाळ आहे, चालेल का?" चाचांची मजुरी सरांच्या खिशातून गेली. ती किती झाली हे त्यांनी बायकोला सांगितलेलं नाही, आणि मीही इथं लिहिणार नाही.

आता खरं बोलायचं तर या सगळ्याचा निकालावर काय परिणाम होतो? फारसा नाही. सरांचा दोषही आहे. रंग बदलला, बुडबुडे आले, धूर निघाला की ते खूश. समीकरणाचं संतुलन शेवटच्या आठवड्यात घाईघाईनं फळ्यावर उतरतं आणि मुलांना ते खासगी क्लासमध्ये जाऊन शिकावं लागतं. 'उदासिनीकरण म्हणजे काय?' या प्रश्नाला एका पोरानं सराव परीक्षेत लिहिलं, 'मुंगी चावल्यावर आई खायचा सोडा ओला करून लावते ते.' मुंगीचं आम्ल, सोड्याची आम्लारी, बरोबरच आहे की. पण पेपर तपासणाऱ्या दुसऱ्या शाळेच्या सरांनी अर्धा गुण दिला, आणि बोर्डात तेवढाही मिळेल की नाही शंका आहे. चाळीसपैकी चौदा मिळवणारं ते पोरगं बापाच्या गुऱ्हाळात उभं राहून रस उकळताना मळी का वर येते, चुना का घालतात, जास्त पडला तर गूळ का काळवंडतो हे बापाला ऐकवतं. बाप म्हणतो, "सर, ह्येला मार्क पडत न्हाईत आन ह्यो मला शिकवतोय."

आणखी एक गोष्ट मी बघितलीय. तुरटी, नवसागर, पापडखार हे शब्द आमच्या मुलींना आधीच पाठ असतात. मुलगे मात्र सरांच्या नादानं पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरतात. एका आईनं शाळेत येऊन तक्रार केली की मुलगा पोळपाटाशी उभा राहून 'अभिक्रिया पूर्ण झाली का' विचारतो. सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, पापडाबद्दल विचारलं. भांडायला आलेल्या त्या बाई पापडखार जास्त झाला की पापड भाजताना लाल का पडतो यावर तासभर बोलल्या. आठवी क समोर, खडू हातात घेऊन.

गंमत म्हणजे आता हेच सगळं सरकारला हवंय. आधी ज्ञानरचनावाद आला, मग २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, अनुभवातून शिक्षण, कृतीतून शिक्षण. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, अंधाऱ्या हॉलमध्ये पडद्यावर कृतियुक्त अध्यापनाच्या पाट्या सरकत होत्या आणि आम्ही शंभरेक शिक्षक कुठलीही कृती न करता बसलो होतो. सर शेवटच्या रांगेत चहात लिंबू पिळून रंग फिका कसा पडतो ते शेजारच्याला दाखवत होते. दुसऱ्या दिवशी फॉर्म आला, 'आपण राबवलेला एक उपक्रम, फोटोसह'. सरांकडे एकही फोटो नव्हता. कल्हईच्या दिवशी सगळ्यांचे हात भांड्यांत होते. शेवटी त्यांनी रिकाम्या बाटल्यांच्या पोत्याचा फोटो काढून पाठवला. वरून शेरा आला, 'स्वच्छता अभियानाचा फॉर्म वेगळा आहे.'

हे सगळं सरांच्या वर्गापुरतं राहिलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. पण गेल्या सहामाहीला मी निबंधाला 'शाळेच्या घंटेचे आत्मवृत्त' दिलं. दर वर्षी घंटा रडते, गंजते, जुन्या दिवसांची आठवण काढते, मी गुण देते. या वर्षी गठ्ठ्यातली एक घंटा अशी बोलली: 'मी काशाची आहे, म्हणजे तांबे व कथील यांचे संमिश्र आहे. माझे बालपण भट्टीत गेले. तांब्याला वितळायला १०८५ अंश लागतात, कथिलाला २३२ पुरतात, त्यामुळे आमचे सुरुवातीला जमले नाही. पण एकदा जमल्यावर आम्हाला कोणी वेगळे करू शकले नाही. मला जो हिरवा थर चढतो त्याला लोक घाण म्हणतात, पण तो मला आतून वाचवतो.'

मी हसत होते, तर सर मागून डोकावले. "किती दिलेत?"

"दहापैकी आठ."

"दोन कशाचे कापले?"

"एक शुद्धलेखनाचा. एक शेवट घाईत केलाय म्हणून."

सरांनी माझ्या हातातलं लाल पेन घेतलं आणि समासात, माझ्या शेऱ्याच्या अगदी वर, नीट वळणदार अक्षरात लिहिलं, 'काशातील कथिलाचे प्रमाण नमूद करणे आवश्यक होते.'

"सर, हा मराठीचा पेपर आहे."

"हो ना," सर म्हणाले, "म्हणून तर मराठीत लिहिलं."